तान्हे लेकरू आणि विमानाचा लांबचा प्रवास



सोयाबीनची रास घरात आली होती आणि कापसाची पहिली वेचणी चालू होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. रविवारच्या मिस्सानंतर एक आजीबाई लेकीला घेऊन माझ्याकडे आल्या. लेकीच्या कडेवर आठ महिन्यांचे लेकरू होते. आजी म्हणाल्या, "फादर, जावई तिकडं विलायतेत दवाखान्यात नर्सचं काम करतो. आता लेकीला अन् लेकराला बोलावतोय. मी म्हणते, लेकरू माझ्यापाशी राहू द्या, दोन वर्षांचं झालं की घेऊन जा. इवल्या जिवाला एवढं उडवत न्यायचं म्हणजे कसं वं? तुम्हीच सांगा हिला."

लेक काही बोलली नाही. पदराने डोळे पुसत उभी राहिली. लेकरू अजून अंगावर पीत होते.

मी त्यांना संध्याकाळी यायला सांगितले. मधल्या वेळात ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांशी बोललो. लेकरे घेऊन असा प्रवास केलेल्या दोन कुटुंबांनाही विचारले. जे समजले ते आजीबाईंना सांगितलेच. पण ते आणखी घरांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहे. आपल्या मुधोळ, भैंसा, निर्मळ भागातून आखाती देशांत कामाला जाणे नवे नाही. पूर्वी पुरुष एकटे जात आणि बायकामुले मागे राहत. आता शिकलेली मुले-मुली नर्स, तंत्रज्ञ म्हणून आणखी दूर जातात आणि कुटुंबालाही बोलावतात. त्यामुळे हा प्रश्न आता पुष्कळ घरांत येणार आहे.

लेकरू ठेवून जावे की घेऊन जावे?

आजीबाईंचा मूळ प्रश्न हा होता, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. निरोगी आणि पुऱ्या दिवसांच्या बाळाला विमानप्रवासाने अपाय होत नाही. जन्मल्यावर पहिले दोन दिवस तर विमानात नेऊच नये, आणि शक्यतो पहिला आठवडा जाऊ द्यावा, असे वैद्यक सांगते. काही विमान कंपन्या त्याहून जास्त दिवस थांबायला लावतात किंवा डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. तीन-चार महिन्यांनंतर बाळ अधिक सोसणारे होते आणि लसींचे पहिले डोसही झालेले असतात. तेव्हा आठ महिन्यांच्या निरोगी लेकराला केवळ प्रवासाच्या भीतीने आईपासून तोडण्याचे कारण नाही.

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. लेकरू मागे ठेवले की ते दूध तुटते. प्रवास एका दिवसाचा असतो, ताटातूट मात्र वर्षा-दोन वर्षांची होते. आजीची माया खरी आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. तरी आईबाप दोघेही सांभाळायला समर्थ असताना लेकराची जागा त्यांच्याजवळच आहे. संत योसेफानेही रातोरात निघताना बाळाला व मातेला बरोबरच नेले होते, आणि तो मार्ग यापेक्षा पुष्कळ खडतर होता.

मात्र काही बाळांच्या बाबतीत डॉक्टरांची स्पष्ट परवानगी घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेले, फार अशक्त बाळ असेल तर आधी तपासून घ्यावे. आपल्या आदिलाबादकडच्या आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. ज्या घरात तो आहे त्यांनी बाळाची रक्ततपासणी करून घ्यावी आणि विमानाविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे, कारण विमानात प्राणवायू थोडा कमी मिळतो. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. तेव्हा तपासणीसाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

विमानात नेमके काय होते?

भीती बहुधा न कळण्याने वाढते. विमान साधारण ३५,००० फूट उंचीवरून जाते. तेथील हवा इतकी विरळ असते की माणूस तगणार नाही, म्हणून आत हवा दाबून भरलेली असते. तरी आतला दाब जमिनीवरच्याइतका नसतो, तो साधारण ६,००० ते ८,००० फुटांवरच्या डोंगरात असतो तेवढा असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे आणि उटी सुमारे ७,३०० फूट आहे. उटीला बाळे जन्मतात आणि वाढतात. म्हणजे निरोगी बाळाला ही उंची सोसते.

दुसरी गोष्ट कानांची. निर्मळचा घाट उतरताना आपल्या कानांत दडे बसतात, तसेच विमानात होते आणि उतरताना ते जास्त जाणवते. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, कान मोकळे होतात. बाळाला हे सांगता येत नाही, म्हणून ते रडते. त्याला त्या वेळी पाजले की गिळण्याने कान आपोआप मोकळे होतात. एवढे साधे त्याचे औषध आहे.

तिसरी गोष्ट कोरड्या हवेची. विमानातील हवा आपल्याकडच्या मे महिन्यातील दुपारसारखी कोरडी असते. बाळाचे नाक, ओठ सुकतात, त्याला तहान लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावे, त्याला वेगळे पाणी देऊ नये. त्याहून मोठ्याला पाणी थोडे थोडे देत राहावे.

कागदांची तयारी जन्मापासूनच

पेरणीची तयारी मृग लागल्यावर करायची नसते, त्याआधी करायची असते. कागदांचेही तसेच आहे. माझ्याकडे पुष्कळ जण धावत येतात आणि म्हणतात, "फादर, बाप्तिस्म्याचा दाखला द्या, लेकराचा पासपोर्ट काढायचा आहे." बंधूंनो, बाप्तिस्म्याचा दाखला चर्चच्या कामाचा आहे. पासपोर्टला सरकारी जन्मदाखलाच लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा तो एकच पुरावा मानला जातो.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर पैसे पडत नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झाले तर नोंद तेथून जाते, तरी ती झाली की नाही हे आपण जाऊन पाहावे. घरी झाले असेल तर ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे कळवावे. उशीर केला तर दंड पडतो, आणि वर्ष उलटले तर अधिकाऱ्यांचा हुकूम आणावा लागतो व महिने जातात.

नावाविषयी एक कळकळीची विनंती आहे. जन्मनोंदीत एक नाव, बाप्तिस्म्याला दुसरे, आधारवर तिसरे, असे आपल्या लोकांत फार होते. एकीकडे 'मारिया', दुसरीकडे 'मेरी', तिसरीकडे 'मरिया' लिहिले की इंग्रजी अक्षरांत ती तीन वेगळी माणसे होतात. बाळाचे नाव ठरले की सर्व ठिकाणी एकच नाव आणि एकच स्पेलिंग ठेवावे. जन्मनोंद नावाशिवाय झाली असेल तर नाव नंतर घालता येते आणि वर्षाच्या आत घातले तर त्याचा खर्च नाही. आईबापांच्या पासपोर्टवरील नावे आणि बाळाच्या दाखल्यावरील आईबापांची नावेही अक्षर न् अक्षर जुळावीत.

तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट व स्वतंत्र व्हिसा लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो. अर्जाबरोबर आईबापांचे घोषणापत्र द्यावे लागते, त्याला 'परिशिष्ट ड' म्हणतात. बाप परदेशी असेल आणि त्याची सही मिळणे अवघड असेल, तर अर्ज करण्यापूर्वीच पासपोर्ट सेवा केंद्रात विचारून घ्यावे. आपल्याला निजामाबादचे केंद्र जवळ पडते. फोटोसाठी मागे पांढरा पडदा, बाळाचे डोळे उघडे आणि चेहरा समोर हवा. काजळ आणि गालावरची तीट पुसूनच फोटो काढावा.

आई एकटीच बाळाला घेऊन जाणार असेल तर बापाचे संमतिपत्र, लग्नाचा दाखला आणि बापाच्या पासपोर्टची व व्हिसाची नक्कल बरोबर ठेवावी. कोणी विचारेलच असे नाही, पण विचारले तर हाताशी असावे. बाप्तिस्म्याचा दाखलाही न्यावा. इंग्लंडमध्ये ज्या कॅथलिक शाळांत जागा कमी व अर्ज जास्त असतात, तेथे प्रवेशाच्या वेळी तो मागतात. बाप्तिस्मा अजून झाला नसेल तर निघण्यापूर्वी तो जरूर घ्यावा.

लसी

मातृ-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे आणि त्याची नक्कल घरी ठेवावी. परदेशी डॉक्टर पुढच्या लसी त्यावरूनच ठरवतात. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या लसी झालेल्या असाव्यात. गोवर-रुबेलाची लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. मात्र सहा महिने पूर्ण झालेले बाळ परदेशी जाणार असेल तर गोवराचा एक जादा डोस आधी देता येतो. विमानतळावर देशोदेशीची माणसे एकत्र येतात आणि गोवर हवेतून पसरतो, म्हणून हा सल्ला देतात. तो डोस हिशेबात धरत नाहीत, पुढचे नेहमीचे डोस घ्यावेच लागतात. याविषयी प्रवासाच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे. निघण्याच्या आदल्या दिवशी लस टोचू नये, कारण प्रवासात ताप आला तर तो लसीचा की आजाराचा हे कळत नाही.

तिकीट काढताना

दोन वर्षांच्या आतील बाळाला आईच्या मांडीवर नेता येते. परदेशी प्रवासात त्याचे तिकीट बहुधा मोठ्याच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतके असते आणि त्याला वेगळी खुर्ची मिळत नाही. येताना बाळ दोन वर्षांचे झालेले असेल तर परतीला पूर्ण खुर्ची घ्यावी लागते, हे तारखा ठरवताना ध्यानात ठेवावे.

लांबच्या विमानांत पुढच्या भिंतीला टांगायचा छोटा पाळणा मिळतो. तो मोजकाच असतो, म्हणून तिकीट काढतानाच मागून घ्यावा. पाळण्याला वजनाची मर्यादा असते, बहुधा दहा-अकरा किलोची. बाळाचे वजन करून ते कंपनीला सांगावे.

वाटेत विमान बदलायचे असेल तर मधला वेळ फार कमी ठेवू नये. लेकरू कडेवर, पिशवी खांद्यावर, अशी आई धावू शकत नाही. तीन-चार तास असलेले बरे. स्वस्त पडते म्हणून दहा-बारा तासांचा मुक्काम असलेले तिकीट मात्र घेऊ नये.

आपल्या घरापासूनचा पूर्ण हिशेब मांडून पाहा. मुधोळहून हैदराबादच्या शमशाबाद विमानतळापर्यंत गाडीने पाच तास. तेथे तीन तास आधी पोहोचावे लागते. आखातापर्यंत चार-साडेचार तास, तेथे तीन तास, पुढे लंडनपर्यंत सुमारे सात तास. उतरल्यावर तपासणी, सामान आणि घर गाठणे यात दोन तास. बेरीज चोवीस तासांची होते. विमानातील तास त्यात निम्मेही नाहीत. म्हणून तयारी विमानाची न करता पूर्ण एका दिवस-रात्रीची करावी. शक्य असेल त्यांनी आदल्या दिवशीच हैदराबादला जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करावा. आई विसावलेली असली की लेकरूही शांत राहते.

काय न्यावे?

हातातील पिशवी हलकी आणि नीट लावलेली असावी. तिच्यात पुढील वस्तू असाव्यात:

१. लंगोट किंवा डायपर. दर दोन तासांना एक या हिशेबाने, आणि वर चार-पाच जादा.
२. बाळाचे कपड्यांचे दोन-तीन जोड आणि आईचाही एक जोड. बाळाने ओकारी केली तर आईला चोवीस तास त्याच कपड्यांत राहावे लागते, हे अनुभवी बायका सांगतात.
३. एक मऊ दुपटे आणि टोपी. विमानात गारठा असतो.
४. ओल्या व कोरड्या फडक्यांच्या घड्या आणि घाण कपड्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या.
५. वरचे खाणाऱ्या बाळासाठी मऊ केळी, घरी भाजून दळलेली मूग-तांदळाची पूड. विमानात गरम पाणी मागून ती कालवता येते. पाणी फार गरम असते, आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहावा.
६. ओआरएसची दोन पाकिटे, डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेले तापाचे औषध आणि त्याची चिठ्ठी.
७. घरातलेच एखादे ओळखीचे खेळणे. खुळखुळा नको, शेजारी माणसे झोपलेली असतात.
८. सर्व कागद एका वेगळ्या पाकिटात, गळ्यात अडकवलेले.

विमानतळावर मोठ्यांना १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव हाती नेता येत नाही, परंतु बाळाचे दूध, पाणी, पातळ अन्न प्रवासापुरते नेता येते. तपासणीला ते वेगळे काढून दाखवावे. बाळाचे चांदीचे वाळे, करदोट्यातील घुंगरू घरीच ठेवावे. तपासणी यंत्र वाजते आणि लेकरू उगाच घाबरते.

वरचे खाणाऱ्या लेकराला फुटाणे, शेंगदाणे, द्राक्षे, मुरमुरे देऊ नयेत. ती घशात अडकली तर विमानात दवाखाना नसतो.

काय नेऊ नये?

हा भाग नीट वाचावा, कारण येथे मायेच्या पोटी मोठी चूक होते.

आजीबाईंनी लेकीसाठी डिंकाचे लाडू केले होते. पाजणाऱ्या आईला ते चांगलेच. परंतु आपण त्यात खसखस घालतो. खसखस अफूच्याच झाडाचे बी आहे. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात ती अमली पदार्थांत धरली जाते आणि जवळ सापडली तर तुरुंगाची पाळी येते. विमान तेथे फक्त बदलायचे असले तरी धोका घेऊ नये. लाडू, मसाला, चटणी, कशातही खसखस नको. शेजाऱ्याने 'आमच्या पोराला एवढं द्या' म्हणून दिलेले बांधलेले पुडके तर मुळीच घेऊ नये.

तूप, खवा, पेढे, पनीर, मांस हे इंग्लंडमध्ये भारतातून नेता येत नाही. बाळाच्या दुधाच्या भुकटीला सूट आहे. आपल्या लोकांना हे अन्यायाचे वाटते, "घरच्या गाईचं तूप, त्यात काय वाईट?" पण शेतकऱ्याला हे कारण चटकन पटेल. लाळ्या-खुरकूत आपण सर्व जाणतो. हा रोग मांसातून व दुधाच्या पदार्थांतूनही दूरवर जातो. २००१ साली इंग्लंडमध्ये तो उसळला तेव्हा तो आटोक्यात आणण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. बाहेरून चोरून आलेल्या मांसामुळे तो आला असावा, असा संशय होता. ज्यांच्या गोठ्यांवर अशी वेळ आली, ते आपल्यासारखेच शेतकरी होते. म्हणून हा नियम पाळावा. बी-बियाणे, रोपे, फळे यांचेही तसेच. २०१४ साली फळमाशीमुळे युरोपने आपल्या आंब्यांवर बंदी घातली होती, ती २०१५ साली उठली.

झोपेचे औषध नको

प्रवासात लेकरू रडेल, लोक बोलतील, या लाजेपोटी काही जण बाळाला सर्दी-खोकल्याचे औषध देऊन झोपवतात. कोणी जायफळ जास्त उगाळून देतात. हे कधीही करू नये. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देऊन निजवीत. नाइलाजाने करीत, परंतु त्याची किंमत लेकरांनी भरली. आजचे गुंगीचे औषधही त्याच जातीचे आहे. लहान बाळाचा श्वास त्याने मंदावू शकतो, आणि काही बाळे उलट जास्तच किरकिरी होतात. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लेकरे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. दोन वर्षांच्या आतील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे सरकारी आरोग्य खात्यानेही तेव्हा सांगितले आहे.

लेकरू रडले तर रडू द्यावे. रडणे पाप नाही. आणि विमानात बसणाऱ्या इतरांना माझे सांगणे आहे की, रडणाऱ्या बाळाच्या आईकडे रागाने पाहू नका. तिची पिशवी वर ठेवायला हात लावा, तेवढा वेळ लेकराशी दोन शब्द बोला.

विमानात बसल्यावर

विमान सुटताना व उतरताना बाळाला पाजावे. उतरण्याची सुरुवात जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधीच होते, म्हणून तेव्हापासून थोडे थोडे पाजत राहावे. बाळ त्या वेळी गाढ झोपलेले असेल आणि शांत असेल तर मुद्दाम उठवण्याची गरज नाही. सर्दीने नाक चोंदलेले असेल किंवा कान दुखत असेल, तर प्रवासापूर्वीच डॉक्टरांना कान दाखवावा. पदर किंवा ओढणी घेऊन खुशाल पाजावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बाळासाठी एक छोटा पट्टा मिळतो, तो आईच्या पट्ट्यात अडकवतात. आपला एकच पट्टा दोघांभोवती कधीही आवळू नये. धक्का बसला तर आईचा सारा भार बाळावर येतो. विमान हेलकावे खाऊ लागले आणि पट्टे बांधायला सांगितले की पाळण्यातील झोपलेले बाळही उचलून मांडीवर घ्यावे. बाळाला खाली पायांपाशी निजवू नये.

आईने स्वतःकडेही पाहावे. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका जास्त असतो. पोट फाडून बाळंतपण झाले असेल तर तो अधिकच. म्हणून शक्य तर ते दिवस टाळावेत. नंतरही दर तासाला उठून चार पावले चालावे, बसल्या जागी पायांचे पंजे हलवावेत, पाणी भरपूर प्यावे. पोटरी एका बाजूने सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगावे. भाषा येत नसली तरी गप्प बसू नये. बोटाने दाखवले तरी समजते.

पोहोचल्यावर

हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते, उन्हाळ्यात साडेचार. आपल्याकडे पहाटेचे सहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात तेथे मध्यरात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. लेकरू मात्र आपल्या वेळेलाच जागे होते आणि खेळायला मागते. चार-पाच दिवस असे चालते. दिवसा त्याला उजेडात न्यावे. रात्री दिवे मंद ठेवावेत, बोलणे कमी करावे, फक्त पाजावे आणि पुन्हा निजवावे. बाळ आजारी पडले आहे असे समजून औषधे देऊ नयेत. मात्र ताप, जुलाब, धाप किंवा दूध न पिणे असे काही दिसले तर उशीर न करता डॉक्टर गाठावा.

शेवटी

आजीबाईंना मी हे सर्व सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग मी काय देऊ सोबत? तूप नको, लाडू नको." मी म्हटले, "आजी, तुमच्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवून द्या. त्याला कोणताही देश अडवत नाही." त्यांनी चार दिवसांत ते शिवले. डिंकाचे लाडू लेकीने निघण्याआधी इथेच खाल्ले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सर्व जण चर्चमध्ये आले. मी लेकराच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि लोरेटोच्या पवित्र मातेला प्रार्थना केली. १९२० साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तिला विमानाने जाणाऱ्यांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तिचा सण १० डिसेंबरला येतो. आपल्या धर्मग्रामातील जी माणसे त्या सुमारास दूरच्या प्रवासाला निघतात, त्यांच्यासाठी त्या दिवशी मिस्सात प्रार्थना करू.

दोन दिवसांनी आजीबाईंच्या फोनवर निरोप आला. आखातापर्यंत लेकरू रडले, पुढे मात्र दुपट्यावर चार तास झोपले. बापाने पहिल्यांदा त्याला हातात घेतले तेव्हा ते त्याच्याकडे टकमक बघत राहिले. आजीबाईंनी हे मला मिस्सानंतर सांगितले, आणि सांगताना त्या हसत होत्या.

आपल्या घरी असा प्रसंग असेल तर तिकीट काढण्यापूर्वी कागद घेऊन माझ्याकडे जरूर यावे. नावे जुळतात की नाही ते आपण एकत्र बसून पाहू. परमेश्वर आपणा सर्वांचे व वाटेवर असलेल्या प्रत्येक आईचे व लेकराचे रक्षण करो.

आपला,
धर्मगुरू